उजव्या फुप्फुसावरचा डाग

१

एकाच मुलीच्या छातीच्या दोन एक्स-रे फिल्म माझ्या टेबलावर पडल्या होत्या. पहिलीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला डाग होता. आठवड्याने काढलेल्या दुसरीत तो नव्हता. क्षयाचा डाग म्हणजे काही शर्टावर सांडलेला चहा नव्हे, की धुतला आणि गेला. कुणीतरी लबाडी केली होती हे उघड होतं, आणि ती कुणी केली ते कचेरी बंद व्हायच्या आत सांगा, असा वरून निरोप होता.

मी शिष्यवृत्ती कक्षाची अधिकारी. बदली होऊन नुकतीच आले होते, कोणत्या कपाटाला कोणती किल्ली हेही अजून धड कळलं नव्हतं. आमचं काम तसं सरळ. एका श्रीमंत देशाचं सरकार विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे शिकायला बोलावतं, फी भरतं, राहायला खोली देतं, जायचं-यायचं तिकीटही देतं. आमच्या वाट्याला दरवर्षी एक जागा. त्या एका जागेसाठी अर्जांचा ढीग पडतो, मुलाखती होतात, एकाची निवड होते आणि दुसरा प्रतीक्षा यादीत बसून पहिल्याचा पाय मोडण्याची वाट बघतो.

यंदा निवड झाली ती भूजलाचा अभ्यास करायला निघालेल्या एका मुलीची. घरी तिला छोटी म्हणतात, आपणही छोटीच म्हणू. वैद्यकीय तपासणीत डाग निघाला, आणि डाग निघाला की जागा जाते, हा नियम. छोटीने फेरतपासणी मागितली. त्याच सरकारी इस्पितळात, त्याच मशीनवर एक्स-रे निघाला आणि साफ आला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच प्रतीक्षा यादीतल्या बाईंची तक्रार येऊन थडकली. दुसऱ्या वेळी छोटीच्या जागी तिची थोरली बहीण मशीनसमोर उभी राहिली, असं त्यांचं म्हणणं. निनावी नाही, खाली ठसठशीत सही. ही तक्रार मिटेपर्यंत छोटीचं नाव पुढं पाठवता येत नव्हतं, आणि आज नाव गेलं नाही तर जागा आपोआप त्या बाईंकडे जाणार होती.

तपासाला दक्षता विभागातून जे गृहस्थ आले, त्यांना सगळी इमारत पाठीमागे शंकासुर म्हणते. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी ती हलवून पाहिली. मी चहा मागवते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "का?"

"साहेब, दोनच शक्यता आहेत," मी म्हटलं. "एक तर पहिली फिल्म भलत्याच कुणाची, मुद्दाम बदललेली. नाहीतर दुसरी फिल्म बहिणीची. इस्पितळात ओळखपत्र कोण बघतंय?"

"आणि तिसरी शक्यता?"

"तिसरी कुठली असणार?"

"मला काय माहीत? मी आत्ताच आलोय." त्यांनी छोटीच्या अर्जावरचा फोटो डोळ्यांजवळ नेला. "घरच्यांना बोलवा. सगळ्यांना."

२

छोटी, तिची थोरली बहीण आणि आई अशा तिघी आत आल्या आणि मी अर्जावरचा फोटो पुन्हा हातात घेतला.

फोटोतल्या मुलीची मनगटाएवढी जाड वेणी उजव्या खांद्यावरून पुढं आली होती. समोर उभ्या असलेल्या छोटीचे केस जेमतेम कानापर्यंत. थोरलीला मात्र लांबलचक वेणी. मी फोटो पाहिला, छोटी पाहिली, थोरली पाहिली, आणि फोटोतली मुलगी यांतली नक्की कोण हेच मला सांगता येईना. तक्रार खरी असणार असं मला वाटायला लागलं.

"केसांचं काय झालं?" शंकासुरांनी विचारलं.

"मी कापले," आई म्हणाली. ती शिवणकाम करणारी बाई, बोटांना सुया टोचून घट्टे पडलेले. "डाग निघाला म्हणून कळलं त्याच संध्याकाळी. आजारी माणसाला एवढे केस झेपतात होय? धुवायचे, वाळवायचे, विंचरायचे. शिवणाच्या कात्रीनंच कापले. ही रडत होती, मीपण रडत होते, म्हणून तर असे वाकडे झालेत."

"मावशी, खरं सांगा. मुलीनं परदेशी जावं असं तुम्हाला वाटत होतं?"

"नव्हतं वाटत."

"आई!" थोरली ओरडली.

"अगं, खोटं कशाला बोलू? डाग निघाला तेव्हा क्षणभर मनात आलं, बरं झालं, आता घरी राहील. आणि मग स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली."

मी कागदावर 'आई' लिहून खाली दोन रेघा ओढल्या. शंकासुरांनी ते पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

"पहिल्या तपासणीच्या दिवशी सकाळपासून काय काय केलंत?"

"काय करणार? नुसती धांदल. ही डोक्यावरून न्हायली, केस वाळायला वेळ कुठला, तशीच ओली वेणी घालून दिली. डबा केला. हिला डबा नको होता, मी बळंच पिशवीत कोंबला. बस चुकली. मग शेजारच्यांनी स्कूटरवरून सोडलं."

डब्यात काय होतं हे विचारायला हवं होतं, असं मला उगाचच वाटत राहिलं.

"छोटी, तुझा हा खांदा जरा वाकडा दिसतो," शंकासुर म्हणाले.

"लहानपणी पाण्याच्या टाकीवरून पडले होते सर. कॉलरबोन मोडलं होतं. जोडलं, पण गाठ राहिली." बोलताना तिचा हात सारखा उजव्या खांद्यावर जात होता आणि काहीतरी चाचपून रिकामाच खाली येत होता. गाठ दुखत असेल, मला वाटलं.

"आणि मोठीचं?"

"मी कुठून पडले नाही," थोरली फणकारली. "आणि हिच्या जागी उभीही राहिले नाही. त्या बाईंना म्हणावं, माझ्या तोंडावर येऊन बोला."

शंकासुरांनी पहिली फिल्म खिडकीच्या काचेवर धरली, मग दुसरी. गळ्याखालचं ते आडवं हाड दोन्हींत दिसत होतं, आणि त्या हाडाच्या मध्यावर दोन्हींत तीच गाठ होती.

"मॅडम, तुमच्या दोन्ही शक्यता गेल्या," ते म्हणाले. "फिल्म कुणी बदलली नाही, जागी कुणी उभं राहिलं नाही. दोन्ही वेळा मशीनसमोर हीच मुलगी होती."

म्हणजे डाग होता तेव्हाही छोटी, आणि नव्हता तेव्हाही छोटीच. माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

३

प्रतीक्षा यादीतल्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्या आल्या त्याच ताठ मानेनं. डाव्या खांद्यावरून पुढं घेतलेली लांब वेणी, हातात छत्री, चेहऱ्यावर वर्गात शिरतानाची जरब. मला शाळेत बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं.

"पुरावा काय तुमच्याकडे?" शंकासुरांनी विचारलं.

"पुरावा मीच," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी या जागेवर माझी निवड झाली होती. मॅडमना ठाऊक नसेल, त्या नव्या आहेत. याच इस्पितळात मला डाग निघाला. माझा डावीकडे. मला कुणी फेरतपासणीचं सांगितलं नाही, मीही मागितली नाही. डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे असणारच, असं वाटलं. गोळ्यांचा अख्खा कोर्स घेतला. पोटात अन्न ठरायचं नाही, लघवी लालभडक व्हायची. कोर्स संपल्यावर दुसऱ्या गावच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, तेव्हा कुठं साफ आला. आणि या मुलीचा डाग आठवड्यात जातो? एकही गोळी न घेता? डाग असा जात नाही साहेब. मला विचारा."

बाईंचं बोलणं अगदी बिनतोड होतं. छोटीच्या गाठीचा पुरावाही तितकाच बिनतोड. दोन्ही खरं कसं असेल?

"जागा मिळवायलाच तक्रार केलीत ना?" मी जरा खोचकपणेच विचारलं.

"हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही. ही शेवटची संधी. पण खोटी तक्रार करून जायचं असतं तर खाली सही कशाला केली असती?" मग त्यांचा आवाज थोडा उतरला. "मॅडम, मी भावाकडे राहते. अजून माझं ताट वेगळं वाढतात. भाचीला माझ्याजवळ निजू देत नाहीत. शाळेतही मुलांना पहिल्या बाकावरून उठवून मागं बसवलं होतं. एवढं सोसून मी बरी झाले, आणि कुणीतरी बहिणीला उभं करून निघून जाणार, हे मला नाही सहन झालं."

शंकासुर खुर्ची पुढं ओढून त्यांच्याकडे वाकले.

"दुसऱ्या गावी एक्स-रे काढला तेव्हा तिथं बाई होती का मदतीला?" त्यांनी विचारलं.

"होती. का?"

"मॅडम, इमारतीतल्या सगळ्या शिष्यवृत्त्या धरून मागच्या काही वर्षांत डागामुळं किती उमेदवार बाद झाले, ते काढा," ते उठतच म्हणाले. "आणि त्यांत मुलगे किती, तेवढं सांगा."

मी संगणकावर शोधलं. पुन्हा शोधलं. आधीच्या वर्षांत एखाददुसरा मुलगा होता. मागच्या वर्षी आणि यंदा मुलगा एकही नव्हता, सगळ्या मुलीच.

४

इस्पितळाचा एक्स-रे विभाग तळघरात, लांब बोळाच्या टोकाला. भिंतीला टेकून लोक बसलेले, कुणाच्या हाताला फळी बांधलेली, कुणाच्या मांडीवर पोर. मशीनवरचा माणूस आमच्याशी बोलतानाही भिंतीवरच्या पाटीकडे बघत होता. पाटीवर लिहिलं होतं: गळ्यातलं, कानातलं, हुक, बटणं, पिना काढून ठेवा. सांगितल्यावर श्वास रोखा.

"लोकांना काय सांगता तुम्ही?" शंकासुरांनी विचारलं.

"पुरुषांना सगळं सांगतो. हनुवटी वर, खांदे पुढं, नीट चिकटून उभं राहा. बायकांना पाटी दाखवतो."

"असं का?"

तो घुटमळला. "इथं मदतनीस बाई होती साहेब. बायकांना तीच उभी करायची. दोन वर्षांपूर्वी तिची बदली झाली, बदली माणूस कुणी दिलाच नाही. मग एकदा मी एका पेशंट बाईला सांगायला गेलो, तर तिच्या नवऱ्यानं माझी गचांडी धरली. माझ्या बायकोला ऊठबस सांगणारा तू कोण म्हणून. सगळ्या बोळासमोर. तेव्हापासून कानाला खडा. पाटी वाचा, उभ्या राहा, श्वास रोखा. मी काचेमागून बघतपण नाही नीट."

मला त्याचा राग यायला हवा होता, पण दयाच आली. आणि दया येऊनही यातलं काही डागाशी कसं जुळतं ते कळेना. शंकासुर मात्र एकदम खुशीत दिसत होते, हे माझ्या अधिकच डोक्यात गेलं.

डॉक्टर वरच्या मजल्यावर होते. समोर फिल्मचा हा एवढा गठ्ठा, आणि दारात रांग.

"मी जे दिसलं ते लिहिलं," ते वैतागून म्हणाले. "पहिलीत डाग आहे. दुसरीत नाही. दोन्ही माझेच अहवाल, आणि दोन्ही बरोबर आहेत."

"मान्य," शंकासुर म्हणाले. "फक्त एक करा. पहिलीतल्या डागावर बोट ठेवा आणि तो वर कुठपर्यंत जातो ते मला दाखवा."

डॉक्टरांनी उजेडाच्या पेटीवर फिल्म लावली, डागावर बोट ठेवलं आणि वर न्यायला लागले. बोट कॉलरबोनपाशी आलं, ते ओलांडून पुढं गेलं, आणखी वर गेलं आणि थांबलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हा मानेपर्यंत गेलाय," ते हळू आवाजात म्हणाले. "मानेत फुप्फुस नसतं."

५

शंकासुरांनी मास्तरीणबाईंना इस्पितळातच बोलावून घेतलं. छोटी, तिची आई आणि थोरलीही आल्या. बोळातल्या बाकावर एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला त्या तिघी.

"बाई, तुम्ही विज्ञान शिकवता, म्हणून सरळ सांगतो," शंकासुर म्हणाले. "डाग आठवड्यात जात नाही, हे तुमचं म्हणणं खरं. मुलगी दोन्ही वेळा तीच होती, हेही खरं. मग बदललं काय? मशीन तेच, माणूस तोच, मुलगीही तीच. बदलले ते फक्त तिचे केस. पहिल्या दिवशी ओली, जाड, घट्ट वेणी उजव्या खांद्यावरून पुढं होती. एक्स-रेमध्ये पातळ केस दिसत नाहीत, पण ओल्या वेणीची सावली पडते. ती पडली फुप्फुसाच्या टोकावर आणि मानेवर. मदतनीस बाई असती तर तिनं वेणी वर बांधायला लावली असती. पाटीवर केसांचा शब्दही नाही, आणि हा बिचारा भीतीनं तोंड उघडत नाही. मुलग्यांना वेण्या नसतात, म्हणून त्यांना असे डाग निघत नाहीत. आईनं केस कापले आणि डाग गेला."

छोटीच्या आईनं तोंडावर पदर घेतला.

मला एकदम सगळं लख्ख दिसलं, आणि दिसलं म्हणून बरं वाटायच्या ऐवजी धस्स झालं. कारण बाईंचा हात त्यांच्या डाव्या खांद्यावरच्या वेणीवर गेला होता आणि तिथंच राहिला होता.

"हा नुसता तर्क आहे," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतलाच, पण कोरडा.

"तर्कच आहे. वरिष्ठ तर्कावर सही करणार नाहीत. करून दाखवावं लागेल. छोटीची वेणी तर आता नाही. थोरलीला उभं करता येईल, पण बहिणीवरच तर संशय आहे, तिची फिल्म कोण मानणार? तुमची मानतील." ते बाईंकडे वळले. "एकदा ओली वेणी पुढं घेऊन, एकदा वर बांधून. माझं म्हणणं खरं निघालं तर जागा या मुलीची. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करू शकत नाही, आणि संध्याकाळी जागा तुमची."

मला वाटलं, या माणसाला वेड लागलंय. असं सांगून कुणी हो म्हणेल का?

छोटी बाकावरून उठली. "बाई, नका काढू," ती म्हणाली. "मी परत अर्ज करीन. माझं वय आहे अजून."

"गप्प बस," बाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या. "तुझ्यासाठी नाही काढत. मी आजारी होते की नव्हते, हे मला कळलं पाहिजे." आणि नळाखाली वेणी भिजवायला त्या आत गेल्या.

६

पहिली फिल्म आली. डाव्या फुप्फुसाच्या टोकाला डाग होता.

दुसरी फिल्म आली. डाग नव्हता.

डॉक्टरांनी मागच्या वर्षीची फिल्म अभिलेखातून काढून आणवली होती. ती पहिलीच्या शेजारी लावली. तोच डाग, त्याच जागी, तसाच मानेपर्यंत चढलेला.

"म्हणजे मला काही झालंच नव्हतं," बाई म्हणाल्या. केसांतून पाणी ठिबकत होतं, खांदा भिजला होता. "त्या गोळ्या मी उगाच घेतल्या. ताट उगाच वेगळं झालं. आणि मागच्या वर्षीची माझी जागा?"

"प्रतीक्षा यादीतल्या मुलाला गेली," मी सांगितलं. सांगताना मला स्वतःचीच लाज वाटली, जरी त्या वेळी मी या कचेरीत नव्हतेही. "तो तिकडंच आहे."

"आणि माझं वय?"

मी पिशवीतली फाइल काढून वयाची अट पुन्हा वाचली, सवलतीची ओळ कुठंच नव्हती. शंकासुरांनी मागच्या वर्षीची फिल्म पेटीवरून काढून स्वतःच्या कागदांत ठेवली.

आम्ही कचेरीत परतलो तेव्हा लोक डबे आवरायला लागले होते. 'मी माझी तक्रार मागे घेत आहे' असा मजकूर मी घाईघाईनं तयार करून बाईंपुढं ठेवला. तपासाचा निष्कर्ष झाला होता, पण वरिष्ठांना बाईंची सही हवी होती, म्हणजे उद्या पुन्हा वाद नको. छोटी दाराशी उभी होती. तिची आई तिच्या मागं, तिचा दंड घट्ट धरून.

बाईंनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग पेन उचलून सगळ्या मजकुरावर आडवी रेघ मारली.

"तक्रार मागे घेणार नाही," त्या म्हणाल्या.

छोटीच्या आईच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. माझा हात कपाळाकडे गेला. आता काय?

"माझ्या मूळ तक्रारीतलं छोटीचं नाव खोडा," बाई म्हणाल्या. "बहिणीचंही. तिथं माझं नाव लिहा. मागच्या वर्षी निवड झालेल्या उमेदवाराला नसलेला रोग लावून तिची जागा काढून घेतली, असं लिहा. तक्रार कुणाविरुद्ध, त्या रकान्यात इस्पितळ आणि तुमचा कक्ष. या मुलीचं नाव आता पाठवा, तिचा याच्याशी संबंध नाही."

"बाई, पण वयाच्या नियमात…" मी सुरुवात केली.

"बसत नाही, ते मला ठाऊक आहे. तसं तुम्ही मला लेखी कळवा. मग मी त्यावर तक्रार करीन."

मी नव्या कागदावर त्या सांगतील तसं लिहीत गेले. एक शब्द बदलला नाही. छोटीचं नाव मी माझ्या हातानं पुढं धाडलं आणि ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत कुणी खुर्ची सोडली नाही. छोटी रडत रडत बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिला खांद्याला धरून उभं केलं.

"शिकून ये," एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात पुढं केला.

"पोच द्या मॅडम. सही आणि शिक्क्यासकट."

मी दिली. शिक्का दोनदा मारावा लागला, कारण पहिल्यांदा तो पुसट उठला.